अठरा दिवस ठाऊक होतं

इलोइलो, ४ मार्च १९९६

ती. मनांगस,
लुदिविनाचा सा. न. वि. वि.

तू माझी मनांग, थोरली बहीण, आणि त्यातून निवृत्त नर्स, म्हणून हे तुलाच लिहिते. तुझा गुडघा कसा आहे ते तू काही आपणहून कळवायची नाहीस.

आमच्या वॉर्डात एल्पिदियो नावाचे म्हातारे कोळी आहेत. यकृताचा कॅन्सर, फार तर महिनाभर. त्यांना सांगायचं नाही, असं हाँगकाँगला घरकाम करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, नेरिसानं, डॉक्टरांकडून कबूल करून घेतलंय. गिमारास बेटावर त्यांचा धाकटा भाऊ राहतो. बारा वर्षं अबोला आहे. बरा झालो की डिसेंबरात जाऊन माफी मागणार, म्हणतात. काल मला विचारलं, की पोरी, तोवर होईन ना बरा. मी हो म्हणाले. बरोबर काय, तेच कळेनासं झालंय.

लोभ आहेच, थोडा सल्लाही असावा.

तुझी लुदिविना

बाकोलोद, ९ मार्च

चि. लुदिविनास अ. आ.

गुडघा कुरकुरतो, मी नाही.

चाळीस वर्षांत मला तीन तऱ्हेचे पेच पडले. कधी बरोबर काय तेच उमगलं नाही. कधी दोन्ही बाजू बरोबर, आणि निवडायची एकच. कधी सगळं कळत होतं, पण हात बांधलेले. तू पहिला म्हणतेस, मला हा तिसरा दिसतो. भावाबद्दल इतकं लिहिलंस, म्हणजे मनात ठरलेलंच आहे. चोरून सांगू नकोस. मुलीशी बोल.

माया होती तशीच.

पेर्पेतुआ

इलोइलो, २१ मार्च

ती. मनांगस सा. न. वि. वि.

डॉक्टरांना विचारून नेरिसाला फोन केला. बाप तुझा आहे का, म्हणून तिनं मला झाडलं. मग मी भावाचं सांगितलं. डिसेंबरचा बेत तिला ठाऊकच नव्हता. शेवटी म्हणाली, सांगा, पण जपून.

डॉक्टर बोलले, मी शेजारी उभी होते. म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं, की हिला कधीपासून ठाऊक होतं. मी म्हटलं, अठरा दिवस. त्यांनी लगेच गिमारासला निरोप धाडला, आणि दुसऱ्या सकाळी भाऊ होडी घेऊन न्यायला आला. तोवर त्यांनी माझ्या हातून एकही गोळी घेतली नाही. दुसरीला बोलवा, म्हणाले.

निघताना त्यांनी झाडूवालीलासुद्धा हात केला. मला नाही. वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असं वाटलं नाही.

उत्तराची वाट बघते.

तुझी लुदिविना