विहाराच्या गच्चीवरचे बावन्न रविवार

५ नोव्हेंबर, रविवार

रोहिणीने आज कॅमेरा मुद्दाम हलवला! हात चुकला म्हणावे तर मी शेजारीच उभा होतो. सकाळी आठ वाजता, विहाराच्या गच्चीवर, तिने रामहरीच्या कापसाकडे कॅमेरा रोखला, श्वास धरला आणि बटण दाबता दाबता तो डावीकडून उजवीकडे एका संथ वेगाने ओढला. पडद्यावर जे उमटले त्यात बोंडे नव्हती, पऱ्हाटी नव्हती, बांध नव्हता. पांढरा, तपकिरी, करडा – आडवे पट्टे, एकमेकांत मिसळत गेलेले.

मी म्हटले, छायाचित्र ही साक्ष असते. साक्षीदार सारखा मान हलवू लागला तर न्यायाधीशाने लिहून काय घ्यावे?

“तात्या, तुमच्या हिशोबानं लग्नातले फोटोबी शपथेवर काढावं लागतेल. तिथं तर समदे खोटंच हसायलेत!”

मी हरकत मागे घेतली. पस्तीस वर्षे दिवाणी वकिली करूनही.

ही माझ्या चुलत भावाची मुलगी. ताडकळसला तिचे फोटोचे दुकान आहे. पासपोर्टचे फोटो, लग्ने, वाढदिवस. परंतु दर रविवारी ती मोटारसायकलवर गावी येते आणि या गच्चीवरून एकच दृश्य टिपते: समोर रामहरीचे रान, त्याला लागून उत्तरेस आमचे, पुढे ओढा, ओढ्यापलीकडे आमच्या बौद्ध वस्तीची स्मशानभूमी, मागे टेकाड. तिवईच्या पायांसाठी तिने गच्चीवर लाल ऑइलपेंटचे तीन ठिपके दिले आहेत, कॅमेरा इंचभरही सरकू नये म्हणून. गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस आरंभ केला. आजचा पन्नासावा रविवार. हलवाहलवीचे प्रयोग त्यानंतर, हौस म्हणून.

पट्ट्यांचे ते चित्र मी तिसऱ्यांदा मागून पाहिले. कापसाचे रान दुरून डोळ्याला जसे लागते, तसेच होते ते. हे मात्र तिला सांगितले नाही.

९ नोव्हेंबर

तहसीलचे पत्र आले. स्थळपाहणी पाच डिसेंबरला.

गेल्या ऑगस्टमध्ये वस्तीतल्या कुसुमबाई गेल्या. स्मशानभूमीकडे जायला नोंदलेला रस्ता नाही. खांदेकरी गुडघाभर काळ्या चिखलात रुतले आणि तिरडी एका बाजूला कलंडली. मी गुडघ्यांमुळे विहारापर्यंतच जाऊ शकलो होतो. हे सारे ऐकले ते परत आलेल्यांच्या तोंडून. त्याच आठवड्यात वस्तीच्या वतीने अर्ज लिहिला – वहिवाटीचा रस्ता मान्य व्हावा, नकाशावर यावा, म्हणजे मुरूम तरी पडेल. विहारापासून ओढ्यापर्यंत रामहरीच्या रानातून सरळ रेषा. पन्नास वर्षांपूर्वी, वकिलीसाठी गाव सोडण्याआधी, वडिलांना मी त्याच वाटेने खांदा दिला होता.

रामहरीची हरकत एका वाक्याची आहे: ‘माझ्या रानातून वाट नाही व नव्हती.’ सरळ नकार! युक्तिवाद नाही, कागद नाही. असा प्रतिपक्ष सोपा असतो, असा माझा अनुभव.

अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा उभा करणे अवघड. पुढच्या पावसाळ्यात कोणाला तरी न्यावे लागेलच. वस्तीत ऐंशीच्या पुढचे सात जण आहेत. मी त्यांत धरलेला नाही, मला अजून चार वर्षे आहेत.

१४ नोव्हेंबर

रोहिणी आज मधल्या वारी आली, खिशात वेल्डिंगची काच घेऊन! वेल्डर तोंडासमोर धरतो ती काळी काच. ताडकळसच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मागून आणलेली. दोन रबरांनी ती कॅमेऱ्याच्या भिंगावर बांधली. भर दुपारी बारा वाजता, ज्या उजेडात कोणी फोटो काढत नाही, तिने चार मिनिटांचे एक चित्र घेतले.

“काचंतून उजेड थेंब-थेंब येतो, तात्या. म्हणून कॅमेऱ्याला लय वेळ बगावं लागतं. जे हालायलंय ते पुसून जातं. जे जागचं हाय तेवढं ऱ्हातं.”

चित्रात ढग वाहून गेल्यासारखे, चिंचेचा शेंडा धुरासारखा. पण चिंचेचे खोड, विहिरीचा कठडा, टेकाड – अगदी कोरीव. त्या चार मिनिटांत दोन बाया आणि शेळ्यांचा कळप माझ्या डोळ्यांदेखत समोरून गेला. चित्रात एकही शेळी नाही.

सगळे रंग हिरवट आले होते, काचेचा दोष. रोहिणीने ते कृष्णधवल करून टाकले आणि दोष संपला. माझ्या पाहण्यात भरपूर विद्वान आले. स्वतःच्या साधनाचा दोष इतक्या लवकर ओळखून इतक्या थोडक्यात निपटणारा त्यांत विरळा.

१७ नोव्हेंबर

ऊसतोडीचे दोन ट्रक गेले. वस्तीतल्या तेवीस घरांना कुलूप.

१९ नोव्हेंबर, रविवार

बावन्नावा रविवार. मी पेढे आणले होते. ती म्हणाली, “आता खरं काम सुरू व्हायलंय, आन् तुमी निकाल लागल्यावानी पेढे काय वाटायलात!” खाल्ले मात्र चार.

२२ नोव्हेंबर

आज तिच्या दुकानात गेलो. जे पाहिले ते क्रमाने लिहितो. क्रम चुकला तर अर्थ चुकेल.

तिने बावन्न चित्रे संगणकावर एकावर एक ठेवली. प्रत्येक ठिकाणच्या बावन्न रंगांची सरासरी काढून एकच रंग ठेवायचा, असे ते तंत्र. सोयाबीनचा हिरवा, काढणीनंतरचा काळा, ज्वारीचा, कापसाचा, पावसाचा, धुक्याचा – सारे मिळून एक खोल, मऊ, नाव नसलेला रंग झाला होता. वर्षभराचे रान एका नजरेत! मी उभाच राहिलो. दुकानात पासपोर्ट फोटोसाठी एक पोरगी केस विंचरत बसली होती. तीही कंगवा धरून पाहत राहिली. “हे कुठलं हाय वो?” तिने विचारले. तिचे गाव आमच्या गावापासून दोन कोसांवर.

त्या मऊ रंगात एकच गोष्ट रेखीव होती. विहारापासून ओढ्यापर्यंत गेलेली फिकट, बारीक रेघ. वाट! सुट्या चित्रांत ती कुठे तुरीने झाकलेली, कुठे गवताने, कुठे सावलीने. नजर ठरतच नाही. परंतु ओढ्याकडे रोज ये-जा करणाऱ्या पायांनी घासलेली माती बावन्न रविवारांत कधीच पुरती हिरवी झाली नाही, आणि म्हणून सरासरीत तीच उरली. रोहिणीने कोणतीही रेघ ओढलेली नाही. वस्तीच्या पायांनी ती ओढली आणि तिने वर्षभर थांबून ती वाचली. या कामाला मी आजवर हौस म्हणत होतो.

मग मी पिशवीतून अर्जाचा नकाशा काढला.

वाट सरळ नाही. विहार सोडताच ती उत्तरेकडे वळते, रामहरीच्या रानाला स्पर्शही करत नाही, आणि आमच्या बांधावरून ओढ्यात उतरते. आमच्या – म्हणजे माझ्या आणि धाकटा भाऊ सिद्धोधन याच्या.

“तात्या, बसा जरा,” रोहिणी म्हणाली.

२३ नोव्हेंबर

काल दुकानातच प्रथम चित्रावर शंका घेतली. ते माझे कर्तव्य होते. सरासरी म्हणजे रचलेली वस्तू, ती पुरावा कशी? रोहिणीने बावन्नही मूळ चित्रे उघडली. प्रत्येकावर तारीख, वेळ. कुठलेही पाच निवडा म्हणाली. मी सात निवडले. भिंग लावून पाहिले. सातांपैकी पाचांत आमच्या बांधावर माणूस किंवा पाऊलवाटेचा तुकडा दिसतो; रामहरीच्या रानात एकातही नाही.

आज काठी घेऊन स्वतः ओढ्यापर्यंत गेलो. दीड तास लागला. जिथे माझी सरळ वाट ओढ्यात उतरायची तिथे आता दोन पुरुष खोल कडा आहे. वस्तीतला सुग्रीव शेळ्या चारत होता. म्हणाला, अठरा वर्षांमागच्या पुरात दरड गेली; तेव्हापासून सगळे वरच्या अंगाने उतरतात.

मी ज्या वाटेसाठी भांडतो आहे ती पन्नास वर्षांपूर्वीची आहे. ती केवळ माझ्या आठवणीत शिल्लक आहे.

२४ नोव्हेंबर

वस्तीच्या समितीचे अध्यक्ष धम्मपाल. अर्जावर पहिली सही त्यांची. मी विचारले, नकाशा चुकीचा आहे हे आपल्याला दिसले नाही?

“दिसलं की.”

मग बोलला का नाहीत?

“वकीलसाहेब, तुमी लिहिलं म्हणल्यावर त्यात कायतरी कायद्याचं असंल, असं वाटलं. आमी कोण तुमाला सांगणार!”

आणखी चौघांना विचारले. चौघांचे उत्तर शब्दशः तेच. एकतीस सह्या आहेत त्या अर्जावर! जे रोज त्या वाटेने चालतात त्यांच्या एकतीस सह्या, आणि ज्याने ती वाट अर्धे शतक पाहिली नाही त्याचा नकाशा. न्यायालयात कोणी असा पुरावा आणला असता तर मी त्याला उभे राहू दिले नसते.

२६ नोव्हेंबर, रविवार

रामहरीकडे गेलो. तो तुरीवर फवारणी करून हात धूत होता. बाज टाकली, चहा सांगितला. मी उभ्यानेच म्हटले: आपली हरकत खरी आहे. माझा अर्ज चुकीचा आहे. तो मी दुरुस्त करतो.

तो रुमालाने हात पुसू लागला.

“वकीलसाहेब, तुमी कागदावर चालता. मी रानात चालतो,” तो म्हणाला. मग रुमाल खांद्यावर टाकून: “पर तुमी घरी येऊन म्हणलात. माझ्या जिंदगीत कुणी वकील असं म्हणल्याचं ऐकलं न्हाई.”

त्याची आई वच्छलाबाई ओसरीवरून ओरडली, “आरं, म्हाताऱ्या माणसाला बस म्हण की आदुगर!”

बसलो. रोहिणीचे चित्र त्याला दाखवले. आपले वर्षभराचे रान त्याने एकत्र पाहिले, बोट न लावता. “हितं पाणी साचतं माझ्या रानात,” तो म्हणाला आणि एक गडद डाग दाखवला. मला तो दिसलाच नव्हता. एकाच चित्रात तिने त्याच्या रानाच्या प्रश्नाचेही उत्तर ठेवले होते!

२८ नोव्हेंबर

विहारात बैठक. दुरुस्ती अर्ज वाचून दाखवला. गदारोळ! “हातातली केस सोडायलात तुमी.” “पाहणीला आठ दिवस ऱ्हायलेत, आन् आता नकाशा बदलायचा?” मी इतकेच सांगितले की पाहणीला येणारा अधिकारी त्या कड्यावर उभा राहील आणि अर्ज तिथेच संपेल.

मग रोहिणी उठली. तिने आणखी एक प्रयोग केला आहे. त्याच बावन्न चित्रांचे दोन भाग – वस्ती भरलेली असते ते महिने वेगळे, वस्ती ऊसतोडीला जाते ते वेगळे. दोन चित्रे भिंतीवर शेजारी-शेजारी लावली. पहिल्यात वाट ठसठशीत. दुसऱ्यात केसाएवढी.

 मागून एक आजी म्हणाली, “आमी नसल्यावर वाट पन वाळती म्हणा की.”

त्यानंतर विरोध उरला नाही. मी जन्मभर शब्दांनी माणसे वळवली. दोन चित्रांनी हे काम इतक्या थोड्या वेळात होते, हे पाहायला उशीर झाला, पण पाहिले.

प्रश्न राहतो सिद्धोधनचा. सातबारा दोघांच्या नावे. त्याच्या संमतीवाचून बांधाची आठ फूट पट्टी देता येत नाही. त्या पट्टीत त्याच्या मोसंबीची पहिली ओळ जाते. अकरा झाडे, यंदा प्रथमच फळाला आलेली. बैठकीत तो दाराशी बसला होता. काहीच बोलला नाही.

३० नोव्हेंबर

सिद्धोधन आला नाही. निरोप पाठवला, “पाणी देतोय” असे उत्तर आले.

मला एकट्याला माझ्या हिश्श्यापुरते लिहून देता येते का, ते पाहिले. येते, पण वाट निम्म्यावर थांबेल.

१ डिसेंबर

रोहिणीने बावन्न रविवारांची मोठी प्रत छापून आणली. खाली काय लिहू, असे तिने विचारले. ठिकाण आणि तारखा लिही, म्हटले. विशेषणाची गरज नाही. “तुमच्या तोंडून ही लय मोठी तारीफ झाली,” ती म्हणाली. खरे आहे. ती तारीफच होती, आणि ती अपुरी आहे हे मी येथे नोंदवून ठेवतो. मी एका वाटेविषयी एकतीस सह्या गोळा केल्या. तिने वाटेलाच बोलू दिले.

३ डिसेंबर

सिद्धोधन सकाळी आला, उभ्यानेच संमतीपत्रावर सही केली. झाडे पाहणीच्या आधी तोच काढणार आहे.

जाताना म्हणाला, “दादा, तुमी पयला अर्ज वाचून दाखिवला तवाच मला ठाव होतं, वाट आपल्या बांधावरनं हाय. मोसंबी वाचायलीय म्हणून गप बसलो.”

जुन्या अर्जासोबत साक्षीदारांची यादी जोडलेली आहे. पहिले नाव त्याचे. तो शपथेवर काय सांगणार होता, हे मी त्याला विचारले नाही.