नव्या गुंडावरचं नाव

बा, काल मंगरूळपीरच्या बाजारात मास्तरणीच्या नोकरीतल्या माझ्या पहिल्या पगारातून मायसाठी पाण्याचा पितळी गुंड घेतला, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे तुलाच विचारावंसं वाटतं. घोळ तूच घालून ठेवला आहेस.

जपानच्या लढाईआधी तू फौजेत स्वयंपाकी होतास, हाँगकाँगला. तिथल्या भाजीवालीकडून थोडी कँटोनी बोली उचललीस. मी आठेक वर्षांची असेन. चुलीपाशी भाकर मोडता मोडता तू मला शिकवतोस. ताटलीवर हात ठेवून म्हणतोस, "न्गो के", म्हणजे माझं. मग मायकडे बोट दाखवून नुसतंच "न्गो आमा". मालकीचा "के" गायब. मी विचारते, काहून?

"आपल्या माणसाले मालकी लावत नाहीत तिकडं, पोरी. माय काय ताटली हाय?"

"ताटलीच हाय," माय म्हणते. "आपटली का वाजते."

पुढं मला वाचता यायला लागलं, तेव्हा घरातल्या जुन्या गुंडावर तुझं नाव दिसलं. तो तर मायनं कापूस वेचल्याच्या मजुरीतून घेतलेला. मी म्हटलं, "बा, गुंड मायचा, मंग नाव तुहं काहून?" तू हातातला घास खाली ठेवलास. "शाळेत हेच शिकवतात काय तुले?" ताट तसंच टाकून उठलास. वर्षाच्या आत तू गेलास. चुलीपाशी बोलणारा बा खरा, की हा, हे मला अजून कळत नाही.

म्हणून काल ठरवूनच गेले होते, नाव मायचं घालायचं. माय ऐकेना. "माहं नाव कायले? तुह्या बाचं टाक. लोकं हासतील." भर दुकानात मी तिला हक्क आणि समता समजावत राहिले. नाव कोरणारा छिन्नी धरून कंटाळला. "बाई, सांगा ना लवकर." मी तोंड उघडलं आणि बाहेर माझंच नाव आलं. पुढे बी.ए. सुद्धा.

आज सकाळी विहिरीवर माय साऱ्यांना अक्षरांवरून बोट फिरवून दाखवत होती. "माह्या पोरीचा गुंड." कुणी हसलं नाही.

हा कागद मी घडी करून पेटीत ठेवणार आहे. मायला मी सांगितलं, घाईत चुकून झालं. चुकून नव्हतं, बा.