आईची बाजू ऐकायची राहिली

बाबा, तुम्ही गेल्यावर क्रिमेटोरियममध्ये तुमचे एक सहकारी जज बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, यांच्यासारखं शांतपणे ऐकून घेणारा माणूस मी कोर्टात दुसरा पाहिला नाही. आईने मान डोलावली. मला मात्र हसू आलं. ते दाबायला मी रुमाल तोंडाशी धरला, तर मागच्या बाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. रडायचं राहिलं ते राहिलंच, पण भांडायचं त्याहून जास्त राहिलं, म्हणून लिहायला बसलेय. तुमच्याशी भांडताच येत नसे. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवलात की विषय संपायचा.

तुम्ही सर्किट जज झालात तेव्हा मी रीडिंग शहरात नवीनच नोकरीला लागले होते आणि दर शुक्रवारी ट्रेनने कॉव्हेंट्रीला घरी यायचे. जांभळा झगा, लाल पट्टा, विग, सगळा साज चढवून तुम्ही किचनमध्ये आम्हाला दाखवायला उभे आहात. आईने तुमची दृष्ट काढली आणि मीठ-मोहऱ्या तव्यात टाकल्या, तर स्मोक अलार्म बोंबलायला लागला. झग्यासकट खुर्चीवर चढून तुम्ही तो बंद केलात, आणि आपण तिघंही पोट धरून हसलो. पुण्याहून इंग्लंडला येऊन बॅरिस्टर झालेल्या ज्या माणसाला इतकी वर्षं सॉलिसिटर लोकांनी फक्त व्हिसाची आणि कोपऱ्यावरच्या दुकानांची कामं दिली, तो जज झाला होता. मला तुमचं किती कौतुक वाटलं होतं, ते लिहायलासुद्धा आता जड जातं.

मग दिवाळी आली. आईची मैत्रीण, जिच्याबरोबर ती मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी मुलांना मराठी शिकवायची, ती फराळाचा डबा ठेवून गेली. चकल्या, करंज्या, अनारसे. तुम्ही कोर्टातून आलात, डबा पाहिलात आणि कोट काढायच्या आधीच म्हणालात, "हे परत करावं लागेल."

"अहो, फराळ आहे तो. गिफ्ट नाही काही."

"तिचे मिस्टर वृद्धांचं केअर होम चालवतात. उद्या त्यांचं काही मॅटर कोर्टात आलं तर? आय कान्ट बी सीन टेकिंग थिंग्ज."

"मग ती केस दुसऱ्या जजकडे देता येते ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

"एकदा देता येते. दर वेळी दिली तर म्हणतील, ह्याचं सगळं गावच ओळखीचं."

"पण मग माझा रविवारचा वर्ग..." आई म्हणाली, आणि तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात.

आपल्यात डबा रिकामासुद्धा परत करत नाहीत, बाबा. निदान चिमूटभर साखर घालतात. ज्या घरात कुणी गेलेलं असतं तिथे लोक फराळ नेऊन देतात, आणि त्या घरचे लोकही तो घेतात. भरलेला डबा न उघडता परत नेऊन देणारी बाई आख्ख्या कॉव्हेंट्रीत आईच पहिली असेल. गाडी मी चालवत होते. मैत्रिणीने दार उघडलं, डबा हातात घेतला आणि वजनावरूनच ओळखलं. "अगं, हात नाही लावलास?" आई म्हणाली, "ह्यांना आता चालत नाही." मैत्रिणीचा चेहरा एकदम उतरला. "अगं बाई! शुगर निघाली का?" आणि आई म्हणाली, "हो."

जजच्या बायकोने दिलेली पहिली खोटी साक्ष ती. पुढच्या रविवारी हॉलमध्ये बायका डायटचे सल्ले द्यायला लागल्या, कुणी मेथीचे लाडू करून देते म्हणाली. त्या खोट्यावर आणखी खोटं रचायचं तिच्याने होईना. ती दोन-तीन रविवार कशीबशी गेली आणि मग जायची थांबली. तुम्ही विचारलंत का, की का गेली नाहीस? नाही. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. सिम्प्लर."

तुमचे गोरे सहकारी शनिवारी वकिलांबरोबर गोल्फ खेळत होते. मी ते तुम्हाला तोंडावर बोलून दाखवलं, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "ते खेळू शकतात. मी नाही." हे खरं होतं. माझा राग नेमका इथेच येऊन अडकतो, कारण तुम्ही चुकत नव्हतात. तुमच्याकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच असणार. पण तुमच्या निष्कलंक नावाची किंमत आईने मोजली, आणि तिला विचारलंही नव्हतं कुणी. शिवाय तुमच्या सगळ्या कारकिर्दीत मंडळातलं एकही माणूस कोर्टात तुमच्यासमोर आलं नाही. येणार कसं? पार्किंगचा दंडसुद्धा मुदतीच्या आत भरणारी आपली माणसं!

एकदा मी सुट्टी काढून, तुम्हाला न सांगता तुमच्या कोर्टात आले होते. पब्लिक गॅलरीत मागे बसले. चोरीच्या केसमधल्या एका मुलाची आई त्याच्या बाजूने बोलायला उभी होती. तिला नीट बोलता येत नव्हतं. मुलाची शाळा, त्याचं मांजर, नवरा सोडून गेला ते, काहीही सांगत होती. वकील तिला आवरायला लागला, तर तुम्ही बोट वर केलंत. "लेट हर फिनिश," म्हणालात. तिला खुर्ची द्यायला सांगितलीत, पाणी मागवलंत, आणि अशा आवाजात, जो मी आयुष्यात ऐकला नव्हता, म्हणालात, "टेक युअर टाइम, मॅडम. वुई हॅव ऑल आफ्टरनून." मुलाला शिक्षा दिलीत ती दिलीतच. तरी जाताना तिने तुमच्याकडे बघून मान लववली, कारण कुणीतरी तिचं शेवटपर्यंत ऐकलं होतं. मला वाटत होतं, उठून ओरडावं की घरी एक बाई आहे, तिलाही एक दुपार द्या.

तुम्ही गेल्यावर मैत्रीण स्वतः आली. "आता तरी ये, मुलांना शिकवायला माझ्या जोडीला कुणी नाही," म्हणाली. आई म्हणाली, "ह्यांना आवडलं नसतं." अजून तेच म्हणते. आता तिचे गुडघे गेलेत, तो वर्गही बंद पडला. रविवारी मी जाते तेव्हा ती खिडकीशी बसलेली असते आणि तुमच्या एखाद्या निकालाची गोष्ट पुन्हा सांगते. मी ऐकून घेते.

हे पत्र कुठे जाणार नाही, आणि तिच्या हाती तर लागू देणारच नाही. त्या दुपारी गॅलरीत काय पाहिलं, ते मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिला तुमचा अभिमान वाटेल. मला तर तो त्याच दुपारी, तिथे बसल्या बसल्या वाटला होता, आणि त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.