मामांच्या पुस्तकाचा कोरा विक्रम

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो सध्या कागदावरच.) मामीचा गुडघा आणि तुमचा राग, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे.

तर झालं असं, की आमच्या प्राचार्यांनी फर्मान काढलं: महिनाअखेरपर्यंत ग्रंथालयातली रोजची हजेरी शंभरावर गेली नाही, तर वाचनाचा हॉल व्यायामशाळेला, आणि मी (एकोणीस वर्षं ग्रंथपाल राहून) परीक्षा विभागात पाकिटं चिकटवायला. उपायही त्यांनीच सुचवला, सोशल मीडिया. उघडलं खातं. 'नवीन पुस्तकं', 'शांतता राखा' असं बरंच काय काय टाकलं. फॉलोअर तीन: मी, आमचा शिपाई आणि एक गाद्या विकणारा. शेवटी वैतागून एका पुस्तकाच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठीचा फोटो टाकला. चिठ्ठी कोरी करकरीत. खाली लिहिलं, बावीस वर्षांत एकानेही घरी नेलेलं नाही. मामा, चिडू नका, ते तुमचं 'कुंपणांचे प्रकार व उपयोग' होतं.

दुसऱ्या दिवशी ही झुंबड! वाचायला नव्हे हो, पुस्तकासोबत फोटो काढायला. (मागच्या पानावरच्या तुमच्या मिशा विशेष लोकप्रिय आहेत.) 'कुणीही नेऊ नका, विक्रम मोडेल' अशी मोहीमच निघाली. शिपाई पुस्तकापाशी स्टूल टाकून पहाऱ्याला बसला. हजेरी एकशे चाळीस. प्राचार्य मला चक्क 'मॅडम' म्हणायला लागले.

आणि मंगळवारी वनस्पतिशास्त्राची एक मुलगी आली, हे मला घरी न्यायचंय म्हणाली. तिला किती समजावलं! कंटाळवाणं आहे म्हटलं (माफ करा), जड आहे म्हटलं, दुसरं देते म्हटलं. ती म्हणाली, "मग ठेवलंय कशाला?" खरं सांगते मामा, मला स्वतःचीच लाज वाटली. मारला तारखेचा शिक्का. बुधवारी हजेरी चार. गुरुवारी महिना संपला तेव्हा पाच, त्यात शिपाई धरून. पुढच्या शनिवारी हॉलमध्ये वजनं येणार आहेत.

बाकी सगळं ठीक.

तुमची भाची

ता.क. तिने चाळीस पानं वाचली आहेत आणि जिवंत कुंपणांबद्दल तिला सतरा प्रश्न आहेत. पुढच्या शुक्रवारी तीन वाजता याच. हॉल तोवर आपला आहे.

ता.क. दुसरा: चाळिसाव्या पानापुढची पानं छापखान्यातूनच एकमेकांना जोडलेली आली आहेत. कापू का, असं ती विचारते. प्रकाशनाच्या दिवशी, शेवटच्या प्रकरणाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, असं मी भाषणात म्हणाले होते. भाषण तुम्हीच लिहून दिलं होतंत, तेव्हा तो विषय तिच्यासमोर नको.