निरोगी माणसाचा नमुना

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. पेपर जूनपर्यंत संपवायचा. विषय: पोटातले जंतू. ज्या प्रोटीनने ते जठराच्या अस्तराला चिकटतात, त्याचा जीन घराघरात थोडाथोडा वेगळा असतो. पन्नास नमुने आहेत. त्यातला ४१ नंबर बाबांचा, कॅन्सरच्या तपासणीत काढलेला. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, जंतू आमच्या लॅबच्या फ्रीझरमध्ये आहेत. माझ्यासाठी तो फक्त नंबर. भावना मी घरी ठेवून येतो.

९ मार्च
तुलनेसाठी निरोगी माणूस हवा होता. स्वतःचीच एंडोस्कोपी करून घेतली. माझ्याइतकं निरोगी कोण? जळजळ होते ती चहाने. उद्यापासून चहा बंद.

१० मार्च
चहा चार कप. मीटिंगमध्ये ढेकर आला. लांबलचक, शेवटी उसासा. हुबेहूब बाबांचा. दचकून मागे पाहिलं.

२१ मार्च
निरोगी नमुन्यात जंतू निघाले. जीन ४१ सारखाच, एका अक्षराचा फरक. लॅबमधल्या ताईंनी सरमिसळ केली असणार. तसं बोललो. त्या म्हणाल्या, सर, नमुने तुम्हीच लावले होते. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

२ एप्रिल
तिसऱ्यांदा तपासलं, तेच. ताई म्हणाल्या, हा जंतू लहानपणी घरातूनच येतो. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, वडिलांचं पाहता टाळू नका. सोमवारपासून नक्की.

१८ एप्रिल
दोन सोमवार गेले. खरं लिहितो, इथे कोण वाचतंय? बाबांचं एवढंच जिवंत उरलंय. फ्रीझरमधलं गोठलेलं, माझ्यातलं खातंपितं. राहू दे की.
बायको म्हणते, मुलगी महिनाभर पोट दुखतं म्हणून नीट जेवत नाही. शाळा बुडवायचे बहाणे, दुसरं काय! सात वर्षांची झाली तरी मी माझ्या ताटातूनच भरवतो. बाबा मला भरवायचे तसंच.

२६ एप्रिल
मुलीच्या तपासणीत तोच जंतू. बायकोने मुलीचं ताट माझ्यापासून लांब मांडलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. बाबांचं शेवटचं वर्ष डोळ्यांसमोरून हलत नाही. मला भीती वाटते.

२७ एप्रिल, सकाळी ८
दोघांची औषधं टेबलावर. आधी मी घेऊन दाखवायची, असं ठरलं. बापाने आदर्श घालून द्यावा. गोळी जिभेवर ठेवली आणि रडू फुटलं. बाबा गेले तेव्हा आलं नव्हतं ते सगळं. थांबेचना.
मुलीने बघितलं. विचारलं, इतकी कडू आहे?
मग तोंड गच्च मिटून पलंगाखाली जाऊन बसली. पाऊण तास झाला, बाहेर येत नाहीये.