हवा काढण्याचं काम

३ तारीख, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे मोठा झालो की लोक विचारतील सुरुवात कशी झाली. तयारी असलेली बरी.
साइटनं पान पिळून लहान करून पाठवलं की आमची कंपनी बनवतेय त्या ब्राउझरमध्ये नुसता कचरा दिसतो. मॅडम म्हणाल्या, जो ही पानं उलगडून दाखवेल तो नोकरीत पक्का, दुसऱ्याचं बघू. शिकाऊ आहोत दोघंच. मी आणि आत्याचा मुलगा. आई त्याला गुणी म्हणते. राहतो आमच्याकडे, जेवतो आमच्याकडे, आता नोकरीपण माझीच पाहिजे.

४, मंगळवार
गुणी अजून वाचतोय. माझं झालं. पान मागताना ब्राउझर साइटला सांगतो, आम्हाला जीझिप, म्हणजे एका तऱ्हेनं पिळलेलं पान, चालतं. कुणीतरी उत्साहात घातलेली ती ओळच उडवली. साइट पिळतच नाही. पानं स्वच्छ. डोकं लागतं.

५, बुधवार
मॅडम म्हणाल्या, जेवण बंद केलंस आणि सांगतोयस भांडी घासली. ओळ परत घातली.
गुणीचं जीझिप चालू झालं. जेवताना आई त्याला आग्रह करत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तूपण घे हवं तर.

७, शुक्रवार, दुपार
गुणी चहाला गेला. मी ओळीत एकच शब्द वाढवला: बीआर. ही पिळायची दुसरी तऱ्हा, दुसऱ्या एका ब्राउझरच्या ओळीत बघितली होती. आता साइट खुशाल बीआर पाठवणार आणि गुणीला येतं फक्त जीझिप. सोमवारी सगळ्यांसमोर डेमो. बाथरूमच्या आरशात काळजीचा चेहरा करून बघितला. जमतो.

९, रविवार
गुणी लॅपटॉपवरून उठत नाही. आई म्हणाली, पोर वाळलं. म्हटलं, करू दे, उद्या उपयोगी पडेल. हसू दाबताना ठसका लागला. पाठ गुणीनंच चोळली. असा राग आला ना.

१०, सोमवार
डेमो झाला. सगळी पानं उघडली. आधीपेक्षा हलकी.
गुणीला शुक्रवारीच कचरा दिसला होता. ओळीत बीआर आहे म्हणजे कुणालातरी हवं असणार, असं धरून पठ्ठ्यानं तेपण बसवलं.
मॅडमनी विचारलं, हे सुचलं कुणाला. कोडच्या प्रत्येक ओळीला घालणाऱ्याचं नाव चिकटतं. माहीत होतं, आठवलं नाही. गुणी म्हणाला, आमच्या दादाला. टाळ्या. मॅडमनी मला विचारलं, बीआर म्हणजे काय. तोंडातून निघालं, ब्रदर. लोक हसले. गुणीच्या डोळ्यांत पाणी.
पक्का तो. मी त्याच्या हाताखाली. आईनं सगळ्या नातेवाइकांना फोन केले, दोघांचं नाव घेतलं, त्याचं आधी.
पिळायची अजून एक तऱ्हा राहिली आहे, डिफ्लेट. ती मला दिली. गुणीला अर्थ विचारला. म्हणाला, हवा काढणं, दादा.
म्हटलं, ते झालं.