आ-कुनचं अर्धं गाणं

च्यायी,
९ सप्टेंबर, दुकान आवरल्यावर

प्रिय ताई,

पपनसांचं खोकं पोचलं. एक तळाशी दबलं होतं, बाकीची ठणठणीत आहेत. साल सुरकुतेपर्यंत कापायची नाहीत हे मला ठाऊक आहे. दर वर्षी खोक्यावर लिहून पाठवतेस, जसं काही मी पहिल्यांदाच पपनस बघतेय. दोन ह्यांच्या फोटोपुढे ठेवली. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला?

मी फोन उचलत नाही म्हणून तू फुगली असशील. पण तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे चव्हाट्यावर बोलणं. तू स्पीकर लावतेस, भावोजी शेजारी बसून ऐकतात आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या अख्ख्या माडोउ गावाला कळतं. मेसेज लिहावा तर फोन म्हणतो, जागा नाही. कुठून असणार? रोज सकाळी घरच्या ग्रुपवर तू कमळाचं चित्र टाकतेस, त्यावर ‘सुप्रभात, पाणी प्या’. ती पुसून टाकायला मन होत नाही. म्हणून कागद घेतला. हे एकटीने वाच.

आठची मालिका अजून बघतेस का? मी सोडली. त्या धाकट्या सुनेची स्मृती तिसऱ्यांदा गेली, तीही नेमकी इस्टेटीवर सही करायच्या दिवशी. मला दिवसभर दुकानात सोयाचं दूध उकळून आणि अंड्याच्या पोळ्या लाटून एवढं कळतं, की माणूस पैशाचं कधी विसरत नाही.

तर, चंद्राच्या सणाचं. तू लिहिलंस की ‘त्याला’ घेऊन ये, अंगणात शेगडी लावू, माकूळ जास्तीचे सांगून ठेवलेत. आणि तू माझ्यासाठी बघून ठेवलेल्या, पपनसाच्या बागेवाल्या श्रीयुत ल्याओंना तू कळवून टाकलंस, की माझ्या बहिणीचं दुसरीकडे जमलंय. खरंच, जूनमध्ये मी तुला ‘माझं जमलंय’ म्हटलं तेव्हा मला तसंच वाटत होतं. तुला टाळायला थाप मारली नव्हती.

आता सगळं सांगते. सुनेने, पेइ-युनने, मला आधी त्या जोडीदार शोधायच्या ॲपवर घातलं होतं. तिथे सत्तरीचे पुरुष हातात भलामोठा मासा धरून फोटो काढतात आणि पन्नाशीच्या आतली बायको मागतात. एकाने पहिलाच प्रश्न विचारला, आईला पाठीवर घेऊन जिना चढता येईल का. त्याच्या आईला, आपल्या नव्हे. मी त्याला घालवायला गेले, तर बोट भलत्याच ठिकाणी पडून त्याला लाल बदाम गेला. मग तो रोज माझ्या पाठीची चौकशी करायला लागला. शेवटी ते ॲपच काढून टाकलं.

मग तिने गाण्याचं ॲप घालून दिलं. त्यात युगुलगीतं असतात. पुरुष आपल्या ओळी गातो, आपण आपल्या गायच्या. मला वाटलं, फोनसारखंच आहे. तो तिकडे, मी इकडे.

तिथे मला काओशुंगच्या बंदरावरचा आ-कुन भेटला. आवाज जरा घोगरा, पण सुरात. आपले हे गायला लागले की शेजारचं कुत्रं उठून जायचं, तसं नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी वाद्यं वाजतात, तेवढ्यात तो विचारायचा, “जेवण झालं का?” मी सांगायचे, झालं, आज रताळ्याची पेज केली होती, आज नुसत्या शेवयाच, एकटीसाठी कोण रांधतंय. मधल्या वाजवण्यात तो म्हणायचा, “घोटभर पाणी घ्या, पुढची ओळ वरची आहे.” मी घ्यायचे. दुसरं काही बोलायचा नाही. मला वाटायचं, स्वभावच मितभाषी असेल.

ताई, हे गेल्यापासून या घरात मला जेवलीस का असं कोणी विचारलं नव्हतं. दुकानात सकाळपासून सगळ्या गावाला मी विचारते. मला तो माणूस आवडायला लागला. एवढंच झालं होतं, आणि मला ते पुरेसं वाटलं.

गेल्या महिन्यात पितरांच्या ताटासाठी पेइ-युन आली होती. संध्याकाळी तिने मला बोलताना ऐकलं.

“आई, कोणाशी बोलताय?”

मी म्हटलं, आ-कुनशी. तिने फोन हातात घेतला, बघितला आणि माझ्या शेजारी बसली.

“आई, हे तीन वर्षांपूर्वीचं आहे. त्याने आपला अर्धा भाग गाऊन ठेवलाय. उरलेला कोणीही गाऊ शकतं. कितीतरी बायकांनी गायलाय.”

“आणि जेवण झालं का, ते?”

“ते सगळ्यांनाच.”

ती हसली नाही, हे तिचं चांगलं. वर हेही कळलं, की मी पेज-शेवयांचं जे काही बोलले तेही गाण्याबरोबर साठवलं गेलंय, हवं त्याने ऐकावं. मला इतकी लाज वाटली की मी फोन तांदळाच्या डब्यात टाकला. खूप रडले. तुला सांगायची हिंमत झाली नाही, आणि तू तिकडे माकूळ सांगत होतीस.

मग राग आला. फोन बाहेर काढला आणि त्याला दोन ओळी लिहिल्या, की लोकांना असं फसवू नये. परवा उत्तर आलं. त्याच्या बायकोचं. जसंच्या तसं उतरवते:

“ह्यांना झटका आला, तेव्हापासून वाचा गेलीय. संध्याकाळी मी त्यांना लोकांनी पुरी केलेली त्यांची गाणी लावून देते. बाकीच्या नुसत्या गातात. उत्तर तुम्ही एकट्याच देता. तुम्ही काय जेवलात ते ऐकल्याशिवाय हे घास घेत नाहीत. महिनाभर तुमचं गाणं नाही, मी जुनीच लावते, पण ह्यांना कळतं. तुमची तब्येत बरी आहे ना?”

खोटं कशाला सांगू, आधी मला तिचा हेवाच वाटला. तिला निदान भरवायला कोणी आहे. मग स्वतःचीच लाज वाटली. काल संध्याकाळी गाणं लावलं. त्याने विचारलं. मी सांगितलं, भात आणि वाळवलेल्या मुळ्याचं आमलेट. आणि या वेळी मीही विचारलं, तुमचं दोघांचं झालं का? वरची ओळ चिरकली, पण गाणं पुरं केलं.

तेव्हा चंद्राच्या सणाला मी एकटीच येईन. माकूळ कमी करू नकोस. ल्याओ रागावले नसतील तर त्यांनाही बोलाव. पण आधीच सांगून ठेव, ही बाई रोज संध्याकाळी दुसऱ्या बाईच्या नवऱ्याबरोबर गाते, ते सोडणार नाही, आणि त्याच्या बायकोला सगळं माहीत आहे. एवढं ऐकूनही यायचं असेल तर यावं.

आणि हे बघ, आल्यावर मला काय विचारायचं ते त्यांना शिकवून ठेवू नकोस. त्यांचं त्यांना सुचतंय का, बघू.

हे पत्र भावोजींना वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझी, आज अजून न जेवलेली,
किम-हा